सांगलीहून परदेशी निघताना: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा

‘सांगली ते लंडन किती वेळ लागतो?’ असं मोबाईलवर शोधलं की साडेसात हजार किलोमीटर आणि नऊ तास, असं काहीतरी उत्तर येतं. हे उत्तर म्हणजे नकाशावरच्या दोन टिंबांमधली रेघ, भागिले विमानाचा वेग. तसं विमान अस्तित्वातच नाही. कवलापूरला धावपट्टी आहे, कराडलाही आहे, पण तिथून लंडनचं सोडाच, मुंबईचंही प्रवासी विमान सुटत नाही. तरी या आकड्याच्या भरवशावर लोक रजा टाकतात, गाडी ठरवतात आणि तिकडच्या मुलाला ‘अमुक वाजता घ्यायला ये’ असं कळवून मोकळे होतात.

मी सांगलीत विश्रामबागेत राहते. नात्यातल्या आणि गल्लीतल्या बऱ्याच जणांच्या पहिल्या परदेश प्रवासाचं वेळापत्रक मी कागदावर मांडून दिलं आहे. चुका त्याच त्या होतात, म्हणून पूर्ण पद्धत क्रमाने लिहिते. सांगलीच्या दारापासून लंडनच्या दारापर्यंतचा जो हिशोब मी खाली मांडला आहे, तो २७ तास २० मिनिटांचा आहे. नऊचे सत्तावीस कसे होतात ते टप्प्याटप्प्याने दिसेल.

आधीची तयारी

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर दोन उभे रकाने आखा. डावीकडे ‘तिकिटावरची वेळ’, उजवीकडे ‘भारताची वेळ’. वेळ लिहायची ती २४ तासांच्या घड्याळात. रात्रीचे साडेआठ म्हणजे २०:३०. प्रत्येक वेळेपुढे तारीख आणि वार दोन्ही लिहा. वार लिहायचा कंटाळा करू नका. तारखेची चूक नजरेतून सुटते, पण ‘मंगळवारी निघून मंगळवारीच कसा पोहोचेन?’ हा प्रश्न वार लिहिल्यावर लगेच पडतो.

हाताशी मूळ ई-तिकीट ठेवा. व्हॉट्सॲपवर आलेला अर्धा कापलेला फोटो किंवा एजंटने फोनवर सांगितलेली वेळ चालणार नाही. तिकिटावरच्या पाच गोष्टी आपल्याला लागतात: विमानतळाचं तीन अक्षरी नाव, टर्मिनल, सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ आणि पीएनआर (म्हणजे बुकिंगचा) क्रमांक. पीएनआर एक आहे की दोन, हेही बघून ठेवा. सहाव्या टप्प्यात त्याला फार महत्त्व आहे.

टप्पा १: शहर नव्हे, विमानतळ पक्का करा

अंतर आणि वेळ दोन विमानतळांमध्ये मोजतात, दोन शहरांमध्ये नाही. एका शहराला दोन-तीन विमानतळ असतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

मुंबईचा जुना विमानतळ बीओएम. नवी मुंबईचा नवा एनएमआय. त्याचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तिथून उड्डाणं सुरू झाली. आपल्याकडून जाताना पनवेल आधी लागतं, त्यामुळे एनएमआय आपल्याला जवळ. बीओएमसाठी वाशीची खाडी ओलांडून पुढे अंधेरी-सहारपर्यंत जावं लागतं. तिकिटावर ठळक अक्षरात ‘मुंबई’ असतं आणि हे तीन अक्षरी नाव बारीक टाइपात. तेच वाचा. पुण्याचा पीएनक्यू, कोल्हापूरचा केएलएच. गोव्याला दाबोळीचा जीओआय आणि मोपाचा जीओएक्स असे दोन आहेत, आणि दोघांत बरंच अंतर आहे.

पलीकडेही हेच. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन असे अनेक. दुबईचे दोन. टोकियोचा हानेडा शहराला लागून, तर नारिता शहराच्या मध्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर. न्यूयॉर्कच्या तिकिटावर ईडब्ल्यूआर असेल तर तुम्ही उतरणार ते न्यूअर्कला, म्हणजे शेजारच्या न्यू जर्सी राज्यात.

तपासणी: जो माणूस घ्यायला येणार आहे त्याला शहर न सांगता तीन अक्षरी नाव आणि टर्मिनल कळवलं का?

टप्पा २: अंतराचा आकडा पडताळून घ्या

अंतर कशाला हवं, तिकिटावर वेळ आहेच की, असं कुणी म्हणेल. अंतर माहीत असलं की पुढचे आकडे खरे वाटतात की खोटे, हे आपलं आपल्याला कळतं. दुबईच्या तिकिटावर एकूण सात तास दिसले आणि अंतर दोन हजारांच्या आत आहे हे ठाऊक असलं, तर मध्ये कुठेतरी थांबा आहे हे एजंटला विचारावं लागत नाही.

जवळच्या शहरांसाठी कागदावरही अंतर निघतं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो, उत्तरेकडे जाताना लहान होत जातो; म्हणून त्याला दोन ठिकाणांच्या मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने (कॅल्क्युलेटरवरचं ‘cos’) गुणायचं.

मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. दुबई २५.२५ उत्तर, ५५.३६ पूर्व. अक्षांशांतला फरक ६.१६ अंश, म्हणजे ६८४ किलोमीटर. रेखांशांतला फरक १७.५१ अंश, त्याला १११ ने आणि मग ०.९२६ ने (मधल्या २२.१७ अंशांचा कोसाइन) गुणलं की १,८०० किलोमीटर. दोन्हींचे वर्ग करा, मिळवा, वर्गमूळ काढा: सुमारे १,९२५ किलोमीटर. हा आकडा बरोबर आहे.

इशारा: लांबच्या शहरांना ही रीत लावू नका. याच पद्धतीने मुंबई-लंडन साडेसात हजारांच्या वर निघतं, प्रत्यक्षात ते सुमारे ७,२०० आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे जवळची वाट उत्तरेकडे वाकलेली असते, आणि सपाट नकाशावर तीच वाट लांबची दिसते. त्यामुळे सीटसमोरच्या पडद्यावर विमान वळसा घेताना दिसलं तरी तो सहसा वळसा नसतो. लांबच्या अंतरासाठी ‘ग्रेट सर्कल’ (म्हणजे गोलावरच्या जवळच्या वाटेचं) अंतर दाखवणारं कुठलंही संकेतस्थळ वापरा, पण त्यात विमानतळाचं तीन अक्षरी नाव घाला. ‘सांगली’ घालू नका.

एकक बघायला विसरू नका. हवाई क्षेत्रात सागरी मैल चालतो आणि तो १.८५२ किलोमीटरचा असतो. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा. मुंबई-दुबई कुठे १,९२५ दिसेल, कुठे १,१९६, कुठे १,०३९. तिन्ही आकडे एकाच अंतराचे आहेत.

टप्पा ३: उड्डाणाला लागणारा वेळ

अंदाजासाठी मी ही रीत वापरते: अंतरात ७ टक्के वाढवायचे, ८५० ने भागायचं, आणि आलेल्या उत्तरात पाऊण तास मिळवायचा. ७ टक्के कारण विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी जातं, सरळ रेघेत नाही. पाऊण तास धावपट्टीपर्यंत सरकणं, चढणं, उतरणं आणि गर्दीच्या विमानतळावर आकाशात घिरट्या घालणं यासाठी.

दुबई: १,९२५ चे झाले सुमारे २,०६०. त्याला ८५० ने भागल्यावर २ तास २५ मिनिटं, अधिक ४५ मिनिटं. एकूण ३ तास १० मिनिटं.
लंडन: ७,२०० चे झाले सुमारे ७,७००. भागल्यावर ९ तास ५ मिनिटं, अधिक ४५ मिनिटं. एकूण ९ तास ५० मिनिटं.

तिकिटावरचा वेळ याच्यापासून थोडा इकडेतिकडे असेल तर ठीक. दीड-दोन तासांपेक्षा जास्त फरक आला तर थांबा असेल किंवा मार्ग वेगळा असेल.

जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा धरू नका. उंचावरचे जोरदार वारे, म्हणजे जेट प्रवाह, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, हिवाळ्यात अधिक जोरात. म्हणून लंडनला जायला जास्त वेळ लागतो आणि घरी यायला कमी. फरक तासभराचाही असू शकतो. दुसरं कारण बंद हवाई हद्द. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हद्द बंद केली, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या बऱ्याच भारतीय विमानांना लांबून जावं लागलं. दिल्लीहून सुटणाऱ्यांना त्याचा फटका जास्त बसला. परदेशी कंपन्यांना ती बंदी नव्हती. अशा काळात त्याच दोन शहरांमध्ये एका कंपनीचे तास कमी आणि दुसरीचे जास्त दिसतात, आणि दोन्ही खरे असतात. म्हणून जुन्या लेखातला किंवा शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी सांगितलेला वेळ धरू नका. फ्लाइटरडार२४ सारख्या संकेतस्थळावर विमानाचा क्रमांक घातला की मागच्या काही दिवसांत ते खरोखर किती वाजता सुटलं आणि किती वाजता टेकलं हे दिसतं. मला हा सगळ्यात भरवशाचा आकडा वाटतो.

तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान गेटवरून हलण्याची वेळ. आकाशात झेप घेण्याची नव्हे. त्यामुळे ‘पंधरा मिनिटं इकडेतिकडे चालतील’ असं मनात धरू नका. दार त्याच्या बरंच आधी बंद झालेलं असतं.

टप्पा ४: घड्याळाचा फरक

सर्वाधिक चुका या टप्प्यावर होतात, म्हणून इथे सावकाश जा.

तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची. दोन्हींची थेट वजाबाकी करायची नाही. आधी दोन्ही वेळा भारताच्या घड्याळात आणा, मगच वजाबाकी करा. कागदावरचा उजवा रकाना यासाठीच आहे.

समजा मुंबईहून १० वाजता विमान आहे आणि दुबईला ११:४० ला पोहोचतं. पहिल्यांदा बघणारा म्हणतो, ‘अरे, पावणेदोन तासांत दुबई!’ दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तिथले ११:४० म्हणजे आपले १३:१०. प्रवास ३ तास १० मिनिटांचा. येताना उलटं होतं: दुबईहून रात्री २२:०० ला निघून मुंबईला ०२:३०. साडेचार तास वाटतात. पण तिथले २२:०० म्हणजे आपले २३:३०, म्हणून उड्डाण तीन तासांचंच.

नियम एवढाच: आपल्यापेक्षा मागे असलेल्या गावची वेळ भारताच्या वेळेत आणताना फरक मिळवा, पुढे असलेल्या गावची आणताना वजा करा.

वर्षभर न बदलणारे फरक: दुबई दीड तास मागे, दोहा आणि रियाध अडीच तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे, टोकियो साडेतीन तास पुढे. काठमांडू पंधरा मिनिटं पुढे, आणि तेवढ्याच पंधरा मिनिटांत लोक फसतात.

ऋतूप्रमाणे बदलणारे फरक: लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. फ्रँकफर्ट, पॅरिस हिवाळ्यात साडेचार, उन्हाळ्यात साडेतीन. न्यूयॉर्क साडेदहा आणि साडेनऊ. सिडनी आपल्या पुढे आहे, त्यांच्या हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेपाच. त्यांचा उन्हाळा आपल्या दिवाळी-संक्रांतीच्या दिवसांत येतो हे लक्षात ठेवा.

युरोपात आणि ब्रिटनमध्ये घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे असे असतात की अमेरिकेचं घड्याळ हललेलं असतं आणि लंडनचं नाही. लंडनमार्गे अमेरिकेला जाणाऱ्यांनी हे आठवडे दोनदा तपासावेत.

मुंबईहून १३:३० ला सुटणारं ९ तास ५० मिनिटांचं विमान भारताच्या घड्याळात २३:२० ला पोहोचतं. डिसेंबरात लंडनच्या घड्याळात ते १७:५०, जुलैत १८:५०. उड्डाण तेवढंच, पण घ्यायला येणाऱ्याची वेळ एका तासाने वेगळी.

इशारा: मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये परतीच्या विमानाची वेळ इथे बसून टाकली, तर तो ती भारताची वेळ समजतो आणि तिकडे उतरल्यावर आपोआप सरकवतो. लंडनला रात्री २०:३० चं विमान हिवाळ्यात तुम्हाला दुपारी १५:०० वाजताचं दिसेल. नोंद करताना टाइम झोन त्या शहराचा निवडा, नाहीतर कागदावरच भरवसा ठेवा.

टप्पा ५: मध्यरात्रीची तारीख

मुंबईहून परदेशी जाणारी कितीतरी विमानं रात्री बारा ते पहाटे पाच या वेळात सुटतात. आपल्या बोलण्यात दिवस उजाडल्यावर बदलतो. पंचांगातही वार सूर्योदयापासून धरतात. घड्याळ मात्र रात्री बाराला तारीख बदलतं. तिकिटावर ‘१५ तारीख, ००:४०’ असेल तर ती आपल्या भाषेत चौदाची रात्र झाली.

माझे मावसभाऊ मस्कतच्या अशाच तिकिटावर १५ तारखेला संध्याकाळी सातला जेवून मुंबईला पोहोचले. विमान अठरा तासांपूर्वी गेलं होतं. तिकिटाचे पैसे गेले, नवीन तिकीट दुप्पट भावाने काढावं लागलं, आणि नोकरीवर रुजू व्हायची तारीखही हुकली. त्यांनी तिकीट चार वेळा वाचलं होतं. म्हणून नुसतं नीट वाचून भागत नाही, लिहिण्याची पद्धत बदलावी लागते.

कागदावर असं लिहा: ‘मंगळवार १४ ची रात्र संपून बुधवार १५ लागल्यावर ००:४०. टर्मिनलच्या दारात मंगळवार १४, रात्री २१:१०. सांगली सोडायची मंगळवार १४, सकाळी १०:१०.’ हेच वाक्य घरातल्या सगळ्यांना आणि ड्रायव्हरला मोठ्याने वाचून दाखवा.

हॉटेलच्या बुकिंगलाही हेच लागू होतं. पहाटे ०१:३० ला पोहोचणार असाल तर खोली आदल्या तारखेपासून घ्यावी लागते. नाहीतर दुपारपर्यंत लॉबीत बसायची वेळ येते, तीही म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन.

तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेपुढे बारीक ‘+१’ असेल तर पोहोचणं दुसऱ्या दिवशी आहे. अमेरिकेला जाताना उलट गंमत होते: पहाटे ०२:०० ला मुंबई सोडून सोळा तास उडाल्यावरही न्यूयॉर्कला हिवाळ्यात त्याच तारखेला सकाळी ०७:३० वाजलेले असतात. ही तिकिटावरची छपाईची चूक नाही.

तपासणी: सुटण्याची वेळ ००:०० ते ०५:०० यांच्यात आहे का? असेल तर सांगलीतून निघण्याची तारीख तिकिटावरच्या तारखेच्या आदल्या दिवसाची आली पाहिजे.

टप्पा ६: मधला थांबा

थेट विमान नसेल तर एकूण वेळ म्हणजे पहिलं उड्डाण, थांबा आणि दुसरं उड्डाण. थांब्याची दोन्ही टोकं एकाच गावच्या घड्याळात असतात, त्यामुळे तिथे थेट वजाबाकी चालते.

खरी अडचण पीएनआर दोन असले तर येते. दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर असतील तर पहिलं विमान उशिरा पोहोचल्यावर पुढची सोय करणं सहसा कंपनीचं काम. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली, तर मध्ये सामान घ्या, बाहेर या, पुन्हा जमा करा, आणि दुसरं विमान चुकलं तर नुकसान आपलं. शिवाय बाहेर यायचं तर त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. काही देशांत तर नुसतं विमान बदलायलाही लागतो. वेगळ्या तिकिटांवर सहा तासांपेक्षा कमी थांबा मी कुणालाच सुचवत नाही. कोल्हापूर-मुंबई विमान आणि पुढचं परदेशी विमान अशी जोडणी करणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. पावसाळ्यात छोट्या विमानतळावरचं एखादं उड्डाण रद्द झालं की पुढचं सगळं कोसळतं.

अमेरिकेला जाताना पहिल्या अमेरिकन विमानतळावर इमिग्रेशन (पासपोर्ट-व्हिसाची तपासणी) होतं, सामान साधारणपणे तिथेच घेऊन पुन्हा द्यावं लागतं. तीन तास ठेवा. अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांचं अमेरिकेचं इमिग्रेशन अबू धाबीतच उरकतं. त्यामुळे उतरल्यावरचा वेळ वाचतो, पण अबू धाबीचा थांबा मोठा लागतो.

टप्पा ७: घरापासून टर्मिनलपर्यंत, उलट्या क्रमाने

इथे सांगलीतून पुढे मोजायचं नाही, विमानापासून मागे मोजायचं. ‘सकाळी लवकर निघू’ हे वाक्य कागदावर येता कामा नये.

बुधवारचं १३:३० चं लंडनचं विमान धरू.

बुधवार १३:३०: विमान गेटवरून हलतं.
बुधवार १२:३०: सामान घेणारी खिडकी साधारण या सुमारास बंद होते. नेमकी वेळ कंपनीप्रमाणे बदलते, तिकिटावर बघा.
बुधवार १०:००: टर्मिनल २ च्या दारात.
बुधवार ०२:००: रस्त्याला आठ तास धरले तर सांगली सोडण्याची शेवटची वेळ.
मंगळवार २३:००: तीन तास राखीव धरून सांगली सोडण्याची खरी वेळ.

सांगली ते मुंबई विमानतळ सुमारे ३८० किलोमीटर. साताऱ्याहून अडीचशेच्या आसपास, म्हणून सातारकरांनी रस्त्याला साडेपाच तास धरावेत. पण राखीव वेळ त्यांनीही कमी करू नये, कारण अडकण्याच्या बहुतेक जागा साताऱ्याच्या पुढेच आहेत: शनिवार-रविवारी पाचवड आणि सुरूर फाट्याला वाई-महाबळेश्वरची गर्दी, मग खंबाटकी, खेड शिवापूरचा टोल नाका, नवले पूल, वाकड, खंडाळ्याचा घाट आणि शेवटी मानखुर्द-चेंबूर. सांगलीकरांना त्याच्या आधी आष्ट्याचा रस्ता, पेठ नाका आणि महामार्गाच्या रुंदीकरणाची कामं. एक ट्रक घाटात आडवा झाला की तीन तास कुठे जातात कळत नाही. जून ते सप्टेंबरात दरडी आणि धुकं असतं. त्या दिवसांत आणि गणपतीच्या सुट्ट्यांत आदल्या दिवशीच पोहोचून पनवेल-वाशीकडे मुक्काम करा. तो खर्च तिकिटाच्या किमतीपुढे काहीच नाही.

मुक्काम नको असेल तर महालक्ष्मी एक्सप्रेसचा विचार करा. मिरज, सांगली, सातारा या तिन्ही स्टेशनांवरून रात्री मिळते आणि सकाळी मुंबईत सोडते. दादर किंवा सीएसएमटीहून मेट्रो ३ थेट विमानतळाच्या टी२ स्टेशनात जाते. दोन मोठ्या बॅगा आणि आजारी माणूस सोबत असेल तर दादरहून टॅक्सीच बरी. दुपारनंतरच्या विमानासाठी हा मार्ग चांगला, सकाळच्या विमानासाठी नाही.

इशारा: सोडायला आलेल्या माणसांना तिकिटाशिवाय आत जाता येत नाही. निरोप दारातच होतो, नारळ-ओटी, पाया पडणं, फोटो, रडणं सगळं तिथेच. त्याला वीस मिनिटं लागतात, ती दहाच्या आधीची धरा.

दुसरा इशारा: मिळालेला राखीव वेळ वाटेत खर्च करू नका. रस्ता मोकळा मिळाला म्हणून दोन तास धाब्यावर बसायचं नाही. आधी विमानतळ गाठा आणि मग बसा.

टप्पा ८: उतरल्यापासून घरापर्यंत

चाकं टेकली म्हणजे पोहोचलो असं नाही. विमान गेटला लागणं, चालणं, इमिग्रेशनची रांग, पट्ट्यावरच्या बॅगा. मोठ्या विमानतळावर पावणेदोन तास धरा. आमच्या हिशोबात लंडनला १७:५० ला उतरून १९:३५ ला बाहेर, आणि सव्वा तासाने २०:५० ला मुलीच्या दारात. हिवाळ्यात हे २०:५० म्हणजे भारताचे ०२:२०, वार गुरुवार. मंगळवार २३:०० पासून मोजा: २७ तास २० मिनिटं.

हा आकडा औषधं घेणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा. बीपी, शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर हा कागद घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा आणि कोणती गोळी भारताच्या कोणत्या वेळेला घ्यायची ते त्याच कागदावर लिहून घ्या. पोहोचल्यावर ‘इथे आत्ता संध्याकाळ आहे’ म्हणून रात्रीची गोळी दोनदा घेतलेली माणसं मला ठाऊक आहेत. औषधं हातातल्या बॅगेत ठेवा, आणि एक साधं मनगटी घड्याळ पोहोचेपर्यंत भारताच्या वेळेवरच राहू द्या. मोबाईल स्वतःहून वेळ बदलतो.

टप्पा ९: परतीचा कागद वेगळा

जाण्याचा कागद उलटा करून परतीचा होत नाही. वारा वेगळा, घड्याळ वेगळं, आणि मधल्या काळात तिकडचं घड्याळ बदललेलंही असू शकतं. सप्टेंबरात लंडनला जाऊन नोव्हेंबरात परतणाऱ्यांनी परतीचा फरक साडेपाच तास धरायचा, जातानाचा साडेचार नाही. लंडनहून २०:३० ला निघालेलं ८ तास ५० मिनिटांचं विमान तेव्हा मुंबईला दुसऱ्या दिवशी १०:५० ला उतरतं.

सगळ्यात मोठी गफलत न्यायला येणाऱ्या गाडीची होते. दुबईहून १० तारखेला २२:०० ला निघालेलं विमान मुंबईला ११ तारखेला ०२:३० ला येतं. घरी फोन जातो: ‘अकराला रात्री अडीचला येतोय.’ घरचे अकराच्या संध्याकाळी गाडी काढतात. गाडी सुटायला हवी होती दहाच्या दुपारी. ड्रायव्हरला तारीख, वार आणि सांगली सोडण्याची वेळ या तीन गोष्टी लिहून पाठवा. विमान उतरण्याची वेळ चौथ्या क्रमांकाला. आणि त्याच्याकडून त्या वाचून घ्या.

अशा विमानाला ड्रायव्हर दुपारपासून गाडी चालवून आलेला असतो, पार्किंगमध्ये जागतो आणि पहाटे चारला तुम्हाला घेऊन पुन्हा आठ तासांच्या रस्त्याला लागतो. खंडाळा आणि खंबाटकी पेंगत्या डोळ्यांनी ओलांडायचे घाट नव्हेत. त्याला १० तारखेला सकाळीच पाठवा, दुपारी पनवेलला खोली घेऊन झोपू द्या, आणि रात्री एकला उठून विमानतळावर यायला सांगा. त्या खोलीचं भाडं प्रवासाच्या खर्चात पहिल्यापासून धरा. ते जमत नसेल तर उजाडेपर्यंत टर्मिनलच्या बाकावर बसून राहा, त्याला गाडीत झोपू द्या, आणि सहानंतर निघा.